गेलातच तर

मार्चच्या मध्याला रोहुकुलाच्या धक्क्यावर
फळी आडवी पडते.
समुद्रावरचा रस्ता बंद. पाटीवर दोन ओळी:
गाडी नेऊ नये.
नेलीच, तर सीटबेल्ट बांधू नये.

पहिली ओळ पाळणाऱ्याला दुसरी कशाला?
आणि पहिली मोडून बसलेल्याला
आणखी काही सांगायचा हक्क उरतो का कुणाला?
तार्तूत बावीस वर्षं मी हेच शिकवते.
फळ्यावर 'पाहिजे'चा चौकोन काढते,
'चालेल'चं शंकरपाळं,
आणि सांगते, कर्तव्य म्हणजे
जे प्रत्येक आदर्श जगात खरं असतं ते.
आदर्श जगात बर्फ फुटत नाही,
म्हणून तिथं कुणालाच
दोर फेकता येत नाही.

खोपटात हेल्दुर. थर्मास, दुर्बीण, नोंदवही.
"आई," एवढंच म्हटलं मी.
बेटावर सगळ्यांना सगळ्यांच्या आया माहीत.
"बर्फ एकोणीस सेंटिमीटर आहे, उर्वे.
बावीस पाहिजे."
त्याचं 'पाहिजे' फुटपट्टीवरचं,
माझ्या चौकोनात ते कधीच बसलं नसतं.
"सोडता येणार नाही," तो म्हणाला,
"अडवायचा पगार घेतो मी.
लघवीला जायची मुभा आहे तेवढी."
आणि गेला. फार सावकाश.
फळीला कुलूप नव्हतं.

ज्याला मनाई नाही त्याला मुभा,
हे आमचं बाळबोध सूत्र.
पण मनाई तर होती, ठळक, पिवळ्यावर काळी.
मुभा कुठंच नव्हती.
निळ्या कोटाची एक पाठ होती,
दूर जाणारी.
तिला अजून चिन्ह सापडलेलं नाही मला.

मग मी दुसऱ्या ओळीत राहायला गेले.
बेल्ट सोडला. काच खाली.
वेग पंचवीसच्या आत, मध्ये थांबायचं नाही,
कान गारठून लाल.
खालून कुणीतरी जुनं कपाट सरकवत होतं,
सव्वीस किलोमीटर.
इतकी आज्ञाधारक मी
उभ्या जन्मात नव्हते.

आईनं डोळे उघडले.
आधी खिडकीबाहेर गाडी पाहिली, मग मला.
"यायला नको होतंस," म्हणाली.

"आलीच आहेस तर पाव काप.
पातळ काप.
तू नेहमी जाड कापतेस."