अर्थ मिळत नाही

डावा इंडिकेटर दिला की वायपर दचकायचा.
ब्रेकवर पाय ठेवला
की डॅशबोर्डचा दिवा मिणमिणून विचारायचा, मी काय केलं?
हॉर्न सर्दी झाल्यासारखा.
आणि दर तिसऱ्या सकाळी बॅटरी झोपलेली.
अठ्ठ्याऐंशीची पद्मिनी.
धक्के मारून मारून सोसायटीचा उतार
मला आणि वॉचमनला पावलांनिशी पाठ.

नझीर परकारचं दुकान माझगावात, गोदीच्या भिंतीजवळ.
पाटी नाही. तारेला टांगलेले मेलेले डायनॅमो, तीच पाटी.
बॉनेट उघडून तो बराच वेळ काहीच करत नाही,
कमरेवर हात ठेवून नुसता बघतो.
मग म्हणतो, "काका, हिला अर्थ मिळत नाही."

चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
अर्थ लागत नाही, असं लाल शाईनं
किती समासांत लिहिलं असेल, देव जाणे.
लेखक चिडायचे. काही फोन करायचे.
पण ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांनी
कुणी हे गाडीबद्दल म्हणेल, असं वाटलं नव्हतं.

"करंट जातो हो बरोबर," नझीर सांगतो,
"परत यायला वाट नाही.
मग तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरातून जातो.
इंडिकेटरचं वायपरला कळतं ते असं."
बॅटरीपासून बॉडीला गेलेली तांब्याची वेणी
खाऱ्या हवेनं मोरचूद झालेली.
त्यानं ती सोडवली, पॉलिश पेपरनं घासली,
बोल्ट आवळला.
वायपर शांत. इंडिकेटर आपापलं बघू लागला.

"आता रातचा चोर," म्हणाला.
निगेटिव्ह सोडून मधे टेस्ट लॅम्प लावला.
किल्ली माझ्या खिशात, दारं बंद, सगळं बंद,
आणि तो दिवा मंद पेटलेला.
कुणीतरी पीत होतं.
एकेक फ्यूज काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.
शेवटचा निघाला, तरी दिवा तसाच.
"बाहेरच्या हाताची वायर आहे ही.
फ्यूजला न विचारता गेलीय."

मॅटखालून, मागच्या सीटखालून माग काढत
पिवळी वायर. तिला तीन जागी टेप, तीन वेगळ्या रंगांची.
आणि ती थेट डिकीत.
तेव्हा मला आठवलं.
शालन प्रदर्शनांना भाजणी न्यायची, गोडा मसाला न्यायची.
पार्ल्यात, गिरगावात, एकदा पार नाशिकला.
रात्री अंधारात पाकिटं मोजता येत नाहीत म्हणून
तिनंच बसवून घेतला होता तो दिवा.
झाकण लागलं की विझायचा.

विझायचा का?
हे कोण बघणार? झाकण लागल्यावर आत कोण असतं?

नझीरनं आपल्या पोऱ्याकडे पाहिलं.
तौफीक, वय अकरा, अंगाने काटकुळा.
तो हसतच डिकीत शिरला. आम्ही झाकण लावलं.
रस्त्यावरून जाणारा एक हवालदार थांबला.
"काय रे, दिसतंय का?"
आतून आधी एक शिंक आली.
मग दुसरी.
मग, "लागलाय, उस्ताद! पण बारीक."
"बाजूचा खिळा दाब."
बाहेरचा टेस्ट लॅम्प गपकन विझला.
हवालदाराला कुणीच काही समजावलं नाही. तो गेला.

पोऱ्या बाहेर आला तो नाक पुसत, पिवळा,
केसात धण्याचा वास.
दोन वर्षं झाली शालनचे गुडघे धरून. दोन वर्षांत तीन बॅटऱ्या.
मी तिला फोन लावला.

"तो खिळा वाकलाय," ती म्हणाली, मी काही बोलायच्या आत.
"शेवटच्या खेपेलाच सांगितलं होतं तुम्हाला.
तुम्ही पेपर वाचत होतात."

नझीर पक्कड घेऊन उभा. "कापून टाकू वायर?
लागते कुठे आता?"

फोन चालूच होता.
"कापू नका म्हणावं," ती म्हणाली.
"खिळा सरळ करून घ्या.
आणि दिवा जरा मोठा बसवा, असलेल्यात नीट दिसत नव्हतं."