एकोणिसावी गोळी

मनगटावरचे दात आता पिवळे पडलेत.
अठ्ठावीसातली एकोणिसावी गोळी
खानापूर कोर्टाच्या पायरीवर, पाण्याशिवाय.

मोनाप्पा समोर. डोक्यावर
दहाव्याला उतरवलेल्या केसांची खुंटं.
नंदगडच्या वळणावर, एकशेआठच्या दारात
हाच चावला मला,
त्याच्या भावाच्या तोंडावर
मी चादर ओढली तेव्हा.

आदेश कानडीत. वकील बाहेर, फोनवर.
तो माझ्याकडेच वळला:
'काय म्हणूलालेत, बाई?'
'तुझं रक्त तपासणार.'
'किती काढतात?'
'चमचाभर.'
'तेवढ्यात काय दिसतंय?'
मी गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये खोल सारलं.

घरी माझा पेला वेगळा.
सासूला सांगितलंय, तोंड आलंय.
धाकटी पापा मागते,
मी कपाळ पुढे करते.

दुपारी त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं.
शीर सापडेना.
नवी पोरगी, दोनदा टोचून घामेजली.
'दे इकडे,' म्हणत मी सुई घेतलीसुद्धा,
तसा पोलीस खाकरला:
मॅडम, तुम्ही फिर्यादी.

मी मागे सरले.
मोनाप्पा मात्र बाही अजून वर सारून,
हात माझ्याकडेच धरून.