हर्डिस, अकरा मीटर

यंत्र जुनंच, भंगारात निघालेल्या एका ट्रॉलरवरून आणलेलं.
बसवलं तेव्हा एलर्टला सगळी माहिती भरावी लागली:
नाव हर्डिस, लांबी अकरा मीटर, रुंदी पावणेचार,
अँटेना बोटीच्या नाकापासून किती, शेपटीपासून किती.
तो टेप घेऊन गोठलेल्या डेकवर रांगत होता,
मी धक्क्यावर उभी राहून आकडे लिहीत होते
हातमोज्यात पेन धरून. एखाद्या साताचा एक झालाही असेल.

बोटीला आईचं नाव आमच्या वडिलांनी दिलं,
एक भांडण मिटवायला.
भांडण कसलं होतं, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

आता आई वार्डोच्या वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर.
चाकांचा कठडा धरून खिडकीपर्यंत सात पावलं,
परत सात.
मी टॅबलेटवर तो नकाशा लावून देते.
करड्या पाण्यात एक हिरवा त्रिकोण,
त्याला बोट लावलं की तिचं नाव उघडतं.

"मी कुठे आहे गं आत्ता?"
हल्ली रोज विचारते, जेवण झालं की.
आधी मी सांगायचे, इथेच, खोलीत, तुझ्या खुर्चीत.
ती हिरमुसायची, मी काही लपवत असल्यासारखी.
मग एकदा मी नुसतं वाचलं:
हर्डिस. वेग साडेसहा नॉट. रोख ईशान्य.
दीपगृहापासून नऊ मैल. स्थिती, मासेमारी चालू.
"वाटलंच मला," ती म्हणाली. "पाय केव्हाचे गार पडलेत."

मार्चमध्ये कॅपेलिनच्या मागे कॉड आला
आणि एलर्टला ती जागा सापडली.
वडिलांचीच असावी:
चर्चचं टोक तेलाच्या टाकीवर आलं की इंजिन मंद कर,
एवढंच ते बोलून गेले होते, तेही तापात.
मासा कुठे लागतो हे आमच्याकडे
माणूस पाद्र्यालाही सांगत नाही.
आणि हे यंत्र तर दर काही सेकंदांनी
साऱ्या बंदराला ओरडून सांगतं.
एलर्टने ते बंद केलं.

त्रिकोण आधी जागीच थांबला.
मग फिका झाला.
शेवटचा संदेश, चाळीस मिनिटांपूर्वी.
आईने बाहीने काच पुसली. पुन्हा पुसली.
"मी गेले का?"
घाबरून नव्हे,
दुकानात उधारी किती झाली ते विचारावं तसं.

फोन लागेना. लागला.
"एलर्ट, चालू कर ते."
"वेड लागलंय? मासे उभे आहेत इथे पाण्यात, उभे!"
"ती स्वतःला शोधतेय."
इंजिनाची धडधड. वारा.
एक शिवी, ना मला ना तिला, अशीच समुद्रात टाकलेली.
मग काहीच नाही.

आणि हिरवा ठिपका,
आपण कुठे गेलोच नव्हतो अशा थाटात.
"हर्डिस," मी वाचलं, "वेग शून्य पूर्णांक चार."
"कंबर दुखते," ती म्हणाली, "म्हणून."

तासाभरात बाकीच्या बोटी वळल्या.
धक्क्यावर काय सगळ्यांचेच डोळे स्क्रीनला चिकटलेले.
उत्तरेकडून एक, बेटाला वळसा घालून दोन,
एक तर किर्बेर्गच्या वाटेवरून परत फिरली.
रेडिओवर एलर्ट जे बोलत होता
ते मी आईला वाचून दाखवलं नाही.
दाखवली फक्त नावं: अस्लाउग. रान्वाय. सिग्ब्योर्ग. धाकटी तूरा.
या किनाऱ्यावर पुरुष बायकांची नावं पाण्यात सोडतात
आणि मग त्यांच्यावर उभं राहून शिव्या देतात.

आईने टॅबलेट मांडीवर ओढला.
पाच त्रिकोण, एकमेकींकडे नाक करून.
"एवढ्या जणी आल्यात," ती म्हणाली,
केसांवरून हात फिरवत, "आणि तू बसून काय राहिलीस?
कॉफी टाक.
आणि त्या अस्लाउगला म्हणावं,
माझी केकची ताटली नेली होतीस, ती आण."