फेडरच्या आधी

तार फेडरच्या आधीच काढायची,
हे अशफाकभियांनी शिकवलं.
हॉलला तुम्ही काय ऐकवता, काय गाळता,
त्याच्याशी रेकॉर्डिंगला देणंघेणं नाही.
आठ माईक, आठ वाटा,
लॅपटॉपवर आठ रकाने.
'एकत्र तर काय, घरी बसून करशील भिया,
पण वेगळं धरलंच नाही
ते नंतर कुठून काढशील?'

रामबागेतल्या छोट्या हॉलमध्ये पिंगळेबाईंची बैठक.
मी बोर्डावर पट्टी चिकटवून नावं लिहिली.
एक बाई, दोन हेमांगी, तीन-चार तानपुरे,
पाच 'हार्म',
त्यावर दुभाषेकाका म्हणाले, पेटी लिही रे,
मी कुणाला हार्म केलाय?
सहा डग्गा, सात चाट,
आणि आठ खांबाला टांगलेला,
टाळ्यांसाठी.

बाई ब्याऐंशीच्या.
हॅलो-चेक वगैरे काही नाही, थेट सा लावला
आणि मग मला म्हणाल्या,
'हेमांगीचा कमी ठेव हं. ती मागे हवी.'
मी दोनचा फेडर तळाला नेला
आणि तिथेच विसरलो.

दुसऱ्या तासात, केदारात,
बाई तार षड्जाकडे निघाल्या
आणि पोचल्या नाहीत.
हॉल गप्प.
मग पुढच्या रांगेतून कुणीतरी 'वाऽ' म्हणालं,
मागून आणखी दोघे.
काय जागा सोडली बाईंनी!
मलाही तसंच वाटलं,
तरी सवयीनं एक नंबरची केबल चाचपून पाहिली.

रात्री मल्हारगंजात, तिसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन.
खाली सराफ्यातून परतणाऱ्या स्कूटी.
एकेकाला एकटं ऐकत गेलो.
पाचवर काका प्रत्येक ओळीआधी श्वास घेतात,
पोतं उचलण्याआधी घ्यावा तसा.
सहावर इरफान स्वतःशीच, 'हां... हां... आ जाओ.'
तीनमध्ये शेजारच्या लग्नाच्या जनरेटरची घरघर,
बाईंच्या सा-पासून किंचित उतरलेली,
दोन तास चिकाटीनं तोच सूर लावून बसलेली.
आठवर खोकला, खुर्ची, एक पोरगं, 'संपलं?'

मग एक.
बाई चढतायत, चढतायत, दम तुटतो,
आणि माईकपासून तोंड फिरवून,
गाण्याच्या नाही, स्वयंपाकघरातल्या आवाजात,
'घे.'

मग दोन.
हेमांगीनं घेतला.
सरळ, हरकत नाही, मुरकी नाही,
नऊ सेकंद तार षड्ज.
अकरा वर्षं मागे बसून
असा कुठे ठेवला होता तिनं, कोण जाणे.
शेवटी जरासा हलला.
तेव्हा तिला कळलं असावं
समोरच्या स्पीकरमधून ती येत नाहीये.
आठवर आहे ती,
भिंतीपलीकडच्या रेडिओइतकी.
त्याच्यावरच 'वाऽ' पडला आहे.

बाईंच्या मुलाचा पुण्याहून निरोप:
आईचा आवाज पुढे राहू द्या, बाकी सगळं जरा खाली.
हेमांगीचाही आहे, पावणेदोनचा:
'दादा, माझा माईक बंद होता ना तेव्हा?'

बंद नव्हता. खाली होता.
यातला फरक अशफाकभियांना एका शब्दात कळला असता.
तिला लिहिलं, खोडलं,
लिहिलं, खोडलं.
दोनचा फेडर पडद्यावर वर नेला,
'घे'च्या लगेच नंतर,
आणि ऐकलं.
खाली आणला, पुन्हा ऐकलं.
ती शांतताही, खोटं कशाला बोलू,
वाईट नव्हती.

उजाडल्यावर पोह्यांना उतरलो.
गाडीवाल्यानं शेव घातली,
जिरावनची डबी पुडीवर तिरकी धरली
आणि थांबला.
'ज़्यादा के कम, भिया?'