अडतीस पूर्णांक चार

थर्मामीटर एदुव्हिनानं उशीखाली लपवला होता.
रात्री अडीचला तो माझ्या मानेला टोचला, म्हणून कळलं.
"उजाडू दे," ती म्हणाली, "एवढ्यासाठी कुणाची झोप मोडायची?"
आणि दात वाजत होते तिचे, चुलीपाशी, तीन घोंगड्यांत.

फ्रिजवर कास्त्रोच्या नर्सनं दिलेला कागद आहे,
अडतीसच्या खाली दोन रेघा मारलेल्या:
वाट पाहू नका.
वाट पाहण्यातच तर आमचा जन्म गेला,
भरतीची, बोटीची, बटाट्याच्या भावाची.

फोन मीच लावला. पलीकडची मुलगी जागीच होती.
शेवटची केमो कधी?
बोटांवर मोजून सांगितलं, नऊ दिवस.
आत्ता निघा, म्हणाली. झोप मोडली म्हणून रागावली नाही.

धक्क्याचं गार लोखंड एदुव्हिनाला धरवत नाही,
औषधापासून गारठा बोटांत काचेसारखा शिरतो.
माझे लोकरी पायमोजे चढवले तिच्या हातांवर.
बेलार्मिनोनं इंजिन ओढलं. भाड्याचं बोलला नाही.

खाडीच्या मध्यावर ती म्हणाली,
"खुराड्याचं दार लावलंस ना?"

लावलं नव्हतं.
"लावलं," म्हटलं.