हळद कुठे थांबते

दोघी काळ्या. ओल्या कोळशासारख्या.
ऊन पडलं की जांभळ्या, मग हिरव्या, मग पुन्हा काळ्या.
दोघींच्या पंखात एकेक पांढरी चिंधी, उडतानाच दिसणारी.
तात्ता म्हणायचे, हळद बघ.
हळद कुठे थांबते ते बघ.

एकीची डोळ्याखालून निघते,
गालावर सांडते, मानेमागे पुन्हा उगवते.
ती खालच्या रानातली. समुद्रापलीकडे भारतातही तिचं गणगोत.

दुसरीचा गाल कोरा.
मानेमागे तेवढ्या दोन पिवळ्या पाकळ्या,
कुणी घाईत मागूनच हळद लावली
आणि समोर यायचं राहून गेलं.
चोच बुडाशी काजळलेली, डोळा फिकट, राखेच्या पाण्यासारखा.
ती इथलीच. या बेटाबाहेर तिला कुणी नाही.

देनियायाच्या वर, चहाची शेवटची ओळ संपते
तिथून आत तात्ता बावीस वर्षं वाटाडे होते.
जळवांना साबण, खिशात पेन्सिल, आणि ही वही:
मधोमध एक उभी रेघ.
डावीकडे ही, उजवीकडे ती.

आर्नोलिसच्या चुलीवर पिंजरा टांगलेला होता.
कितुलचा रस आटायचा, धूर थेट पिंजऱ्यात.
आतली विचारायची, "चहा प्यायलास?"
हुबेहूब चंद्रलतेच्या आवाजात,
शेवटी जरासा उचललेला स्वर.
चंद्रलता कुवेतला, दुसऱ्यांची मुलं सांभाळत, सातवं वर्ष.
फोनवर तिचा आवाज हल्ली वेगळा यायचा.
पिंजऱ्यातला तस्साच होता.

जंगलखात्याचा माणूस आला फॉर्म घेऊन.
जात लिहा, म्हणाला. दोघींपैकी कुठली?
तात्तांना बोलावलं.

गाल जाळीवर घासून सोललेला,
हळद होती की नव्हतीच, कोण सांगणार.
चोच काळी. पण तिथे तर
भांडी काळी, वासे काळे, आर्नोलिसची नखंही.
डोळा बघावा तर ती मिटून घ्यायची.
तात्तांनी तिला मुठीत धरलं, फार वेळ.
तिने त्यांनाही विचारलं.
आणि तात्ता, ज्यांनी रानात कधी कुठल्या पाखराला उत्तर दिलं नाही,
म्हणाले, "हो. मघाशीच."

फॉर्मवर काय लिहिलं, मला ठाऊक नाही.
गाडीत फडक्याखाली ती विचारतच राहिली वळणापर्यंत.
आर्नोलिस रस ढवळत होता. त्या दिवशी गूळ लागला.

आता तात्तांच्या डोळ्यांवर साय आलीय.
वही माझ्याकडे. मी सांगते, ते मान हलवतात.
काल जुन्या पानांची बेरीज करत होते,
त्या महिन्यात एक पाखरू कमी भरेना.
डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं.
मग पान तिरकं धरलं खिडकीशी:

एक आकडा होता. इंग्रजी एक, नुसती काठी,
पेन्सिल दाबून
मधल्या रेघेवरच काढलेला.