व्रण डावीकडे

आज पुन्हा तू तिला पाचही बोटं दिलीस.
उदार आहेस, मान्य.
पण ओलायाची करंगळी अर्धीच आहे.
अठराव्या पानावर साखळीत सापडली,
रात्री, पोर्वेनीरच्या धक्क्यापाशी,
आणि पुढची दोन पानं मी शब्दांशिवाय काढली होती.

हे तुला काल सांगितलं. परवाही.
नोव्हेंबरात तर स्वल्पविरामांसकट.
आणि तू दर सकाळी हसतमुख,
पहिले पाढे पंचावन्न.

मी दानीत्सा बार्रिएन्तोस.
पुंता आरेनासच्या बंदरात, वखारीत,
तीस वर्षं दोरखंडांचे हिशेब लिहिले.
ओलायाला पहिल्यांदा काढलं चौदाव्या वर्षी,
एका पावतीच्या पाठीवर.
सामुद्रधुनीतल्या बोयांचे दिवे दुरुस्त करते ती.
कोटाला तीन बटणं, मधलं हाडाचं.
डाव्या भुवईत व्रण, ॲसिटिलीनचा भडका.
नाक तिच्या आईचं. कुणालाच आवडत नाही ते, मला आवडतं.

हात थरथरायला लागले तेव्हा तुझ्याकडे आले.
हौसेने नाही.

तू तिचं नाक सरळ केलंस.
गालांवरचा वारा पुसलास.
इथला वारा, ज्याच्यासाठी चौकाचौकात
दोर बांधतात माणसांना धरायला,
तो तिच्या कातडीत चाळीस वर्षं मुरलाय,
आणि तू साबणाच्या जाहिरातीसारखा धुऊन टाकलास.
प्रत्येक चौकटीत तिची एक धाकटी, देखणी,
अनोळखी बहीण.

मिर्कोला सांगितलं. भाचा माझा,
सांतियागोत असलीच कामं करतो.
म्हणाला, मावशी, नव्या आवृत्तीत स्मरण आहे,
जुने शंभर चेहरे दे, ते शिकेल.
दिले. शिकलंस.
मार्चभर ओलाया ओलायाच राहिली.
अर्धी करंगळी, हाडाचं बटण, व्रण डावीकडे.
शेजारच्या योलांदाला बोलावून दाखवलं.
माते थंड होईपर्यंत बघत बसलो दोघी.

मग दोनशे बाराव्या पानावर तिची मुलगी बुडाली
आणि चेहरा तसाच.
तीच हनुवटी, तोच उजेड,
नोटेवर छापलेल्या सेनापतीसारखी.
मी लिहिलं, रात्रभर रडलेली.
तू दोन थेंब चिकटवलेस.

आधी तुझ्या काही लक्षात राहत नव्हतं,
आता तू काही सोडत नाहीस.
माणसं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी म्हातारी होतात.

म्हणून मिर्कोला पत्र लिहायला बसले,
तुझ्या कर्त्यांपर्यंत पोचवायच्या मागण्या:
वय पुढे सरकू दे.
एका पानावरचं दुःख दुसऱ्या पानावर थोडं उरू दे,
तिसऱ्यावर त्याहून थोडं कमी, पण खांद्यात.
पुराव्याला बिस्किटांच्या डब्यातून जुन्या वह्या काढल्या.
एकोणीसशे ब्याण्णव. ओलाया, शिडीवर, ऐन वाऱ्यात,
व्रण उजवीकडे.

पान उलटलं. उजवीकडे.
सलग अकरा पानं.
तेव्हा तर हात स्थिर होते माझे.
कशासाठी हलवला, आठवत नाही.
त्या वर्षी आई गेली होती, एवढंच.

पत्रा वाजत राहिला डोक्यावर.
मागण्यांचा कागद चुलीत घातला,
दुसरा घेतला, वाकड्यातिकड्या अक्षरात:

मिर्को, व्रण डावीकडेच ठेवायला सांग त्याला.
पण मी कधी उजवीकडे काढलाच
तर लगेच दुरुस्त करू नको म्हणावं.
आधी विचारायला शिकवा,
काय झालं?